रिमोट डेस्कटॉप अडखळतोय? रंग सगळ्यात शेवटी कमी करा

घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवताना टाइप केलेली ओळ दोन सेकंदांनी उमटते, खिडकी सरकवली की मागे तुकडे पडतात, स्क्रोल केलं की पान पट्ट्यापट्ट्यांनी येतं. असं झालं की बहुतेक जण आधी रंग कमी करतात. पूर्वी त्याला अर्थ होता. आज तो उपाय यादीच्या तळाशी आहे आणि विंडोजवर कधीकधी उलटाही पडतो. वेग मिळवायचा तर एकच सूत्र धरायचं: पडद्यावर बदलणारे ठिपके कमी करा. एकेका ठिपक्याची प्रत हा पुढचा प्रश्न.

हिशेब साधा आहे. १९२० × १०८० चा पडदा म्हणजे २०,७३,६०० ठिपके. ३२ बिट रंगात एका ठिपक्याला ४ बाइट लागतात, म्हणजे एका चित्राचे जवळजवळ ८.३ एमबी झाले. सेकंदाला अशी ३० चित्रं जशीच्या तशी पाठवायची म्हटली तर दर सेकंदाला सुमारे २ गिगाबिट हवेत. एवढी लाइन घरी सहसा कुणाकडे नसते. म्हणून सगळीच रिमोट सॉफ्टवेअर दोन युक्त्या करतात. जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा आणि तोही दाबून, आकुंचन करून. स्थिर एक्सेलचा तक्ता म्हणूनच जवळजवळ फुकट येतो आणि कोपऱ्यातली हलती जाहिरात सगळी लाइन खाते.

आधी दुखणं कुठे आहे ते ओळखा

सेटिंगला हात लावण्याआधी दहा मिनिटं मोजमापाला द्या. दोन आकडे लागतात.

पहिला आकडा पिंगचा, म्हणजे पलीकडे जाऊन परत यायला किती वेळ लागतो त्याचा. स्वतःच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग लिहा, पुढे पलीकडच्या कॉम्प्युटरचा पत्ता आणि शेवटी डॅश-टी. मिनिटभर चालू द्या, मग कंट्रोल-सीने थांबवा. विंडोजचा फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तर देत नाही. तसं असेल तर व्हीपीएनच्या (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत नेणारा सुरक्षित मार्ग) पलीकडच्या गेटवेला, म्हणजे त्या नेटवर्कच्या दाराला पिंग करा, अंदाज येतो. ५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर काम स्थानिक वाटायला हवं. १०० च्या पुढे टाइप करताना अंतर जाणवू लागतं आणि २०० च्या आसपास माउसने रेघा ओढणं, खिडक्या सरकवणं त्रासाचं होतं.

हा विलंब कुठल्याच डिस्प्ले सेटिंगने जात नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २,००,००० किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरच्या जाण्यायेण्याला १० मिलिसेकंद. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेतच साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे सव्वाशे मिलिसेकंद निसर्गानेच कापून घेतले, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या सर्व्हरवर काम करणाऱ्याने रंग कमी केले तर पडदा भिकार दिसेल, अक्षर मात्र तेवढ्याच उशिरा उमटेल. त्याने माउस कमी आणि कीबोर्ड जास्त वापरावा. लांबलचक मजकूर इकडेच लिहून तिकडे पेस्ट करावा.

पिंगचे आकडे ३०, ३२, २४०, ३१, १८० असे उड्या मारत असतील तर दोष बहुधा वाय-फायचा. राउटरला लॅन केबल लावा. ते जमत नसेल तर २.४ गिगाहर्ट्झऐवजी ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर जा आणि राउटर असलेल्या खोलीत बसा. एवढ्यानेच पुष्कळांचं काम होतं, पुढचं वाचायची गरज उरत नाही.

दुसरा आकडा टास्क मॅनेजरमध्ये मिळतो. तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. रिमोटची खिडकी पूर्ण पडद्यावर असेल तर या कळा पलीकडे जातात, म्हणून आधी ती लहान करा. परफॉर्मन्स टॅबमध्ये वाय-फाय किंवा इथरनेट निवडा, रिमोटची खिडकी शेजारी ठेवा आणि आलेख बघा.

पडदा स्थिर असताना आलेख जवळजवळ शून्यावर हवा. काहीच करत नसताना डेटा वाहत असेल तर पलीकडे काहीतरी हलतंय: ब्राउझरमधली जाहिरात, गोल फिरणारं चक्र, सेकंदकाटा दाखवणारं घड्याळ, आपोआप सुरू झालेला व्हिडिओ. ते बंद केलं की दुखणं संपलं.

स्क्रोल करताना आलेख वर जाऊन एका उंचीवर सपाट झाला, समजा ३ एमबीपीएसवर, तर लाइन भरली. पुढची सगळी सेटिंग याच दुखण्यावरची आहेत.

आलेख वर जातच नाही, पिंगही बरा आहे आणि तरी पडदा रांगतोय, तर पलीकडच्या कॉम्प्युटरमध्ये दम नाही. तिकडचा टास्क मॅनेजर उघडून सीपीयू आणि मेमरी बघा. १०० टक्क्यांना चिकटलेल्या मशीनवर आकुंचन वाढवणं म्हणजे थकलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक गाठोडं.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: चित्र पलीकडून इकडे येतं, म्हणजे तिकडचा अपलोड वेग महत्त्वाचा. तुमच्या घरी १०० एमबीपीएस असून उपयोग नाही, ऑफिसच्या लाइनचा अपलोड ४ एमबीपीएस असेल आणि त्यावर दहा जण बसले असतील तर. स्पीड टेस्ट पलीकडच्या कॉम्प्युटरवर करा आणि अपलोडचा आकडा वाचा.

विंडोजचा रिमोट डेस्कटॉप

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत एम, एस, टी, एस, सी ही पाच इंग्रजी अक्षरं जोडून लिहा, एंटर. खिडकी उघडली की खाली डावीकडे शो ऑप्शन्स आहे, त्यावर क्लिक केल्याशिवाय कामाचे टॅब दिसत नाहीत. (पलीकडे विंडोजची होम आवृत्ती असेल तर ती या पद्धतीने जोडून घेत नाही, प्रो किंवा त्यावरची लागते. तुमच्याकडे होम असेल तर चालतं.)

पायरी १. डिस्प्ले टॅबमध्ये आकाराची पट्टी आहे. ती उजव्या टोकाला फुल स्क्रीनवर असते, डावीकडे आणा. १९२० × १०८० वरून १३६६ × ७६८ वर आलात तर ठिपके १०,४९,०८८ राहतात, जवळजवळ निम्मे. १६०० × ९०० वर ते सुमारे ७० टक्के राहतात आणि कामालाही पुरेशी जागा मिळते. बहुतेकांनी इथेच थांबावं. फोर-के मॉनिटरवाल्यांना इथला फायदा सर्वांत मोठा, कारण फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात. खालची यूज ऑल माय मॉनिटर्स ही खूण काढा. दुसरा मॉनिटर म्हणजे दुप्पट ओझं.

इथे एक फसगत होते. स्मार्ट सायझिंग नावाची सोय खिडकीत चित्र बसवून देते, त्यामुळे खिडकी लहान केली की वेग वाढेल असं वाटतं. तसं होत नाही. चित्र पूर्ण आकाराचंच येतं आणि तुमचा कॉम्प्युटर ते लहान करून दाखवतो. ओझं तेवढंच, वर अक्षरं धूसर.

पायरी २. एक्सपीरियन्स टॅब. वरच्या यादीत आपोआप ओळखण्याचा पर्याय निवडलेला असतो. तो असेपर्यंत कुठले देखावे चालू ठेवायचे हे विंडोज ठरवतं. यादीतून मोडेम, ५६ केबीपीएस निवडा. नाव बघून बिचकू नका, त्याने वेगाला कुलूप लागत नाही. फक्त खालच्या बहुतेक खुणा एका झटक्यात निघतात. मग हव्या त्या हाताने परत लावा.

डेस्कटॉपचं पार्श्वचित्र: बंद. समुद्रकिनाऱ्याचा फोटो खिडकी हलवली की पुन्हा पुन्हा यावा लागतो, सपाट रंग काही बाइटमध्ये येतो.

खिडकी सरकवताना आतला मजकूर दाखवणं: बंद. सरकवताना फक्त चौकट दिसेल, सोडली की खिडकी तिथे उमटेल. पहिला दिवस विचित्र वाटतं.

मेनू आणि खिडक्यांचं ॲनिमेशन: बंद. उलगडणारा मेनू म्हणजे एका चित्राच्या जागी दहाबारा चित्रं.

डेस्कटॉप कॉम्पोझिशन: पलीकडे विंडोज ८ किंवा नंतरचं असेल तर या खुणेने फारसा फरक पडत नाही, तिथे ते कायमच चालू असतं.

व्हिज्युअल स्टाइल्स: चालू राहिल्या तरी चालतं.

फॉन्ट स्मूदिंग: हिच्याबद्दल थोडं सविस्तर. गुळगुळीत अक्षराच्या कडेला करड्या किंवा रंगीत छटा असतात आणि छटा जितक्या जास्त तितकं आकुंचन कमी होतं. म्हणून इंग्रजी मार्गदर्शकांत ही खूण सरळ काढायला सांगतात. इंग्रजीला ते परवडतं. देवनागरीत ती काढली की अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो, ‘द्य’ आणि ‘द्द’ यांतला फरक लहान आकारात कळत नाही, रफार कुठल्या अक्षरावर आहे ते शोधावं लागतं. मराठी मजकुरावर काम असेल तर ही खूण ठेवा आणि बचत दुसरीकडून करा. अकाउंटिंग, कोड किंवा नुसते आकडे असतील तर खुशाल काढा.

पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंग: चालूच ठेवा. एकदा आलेली चिन्हं, टूलबारचे तुकडे तुमच्या डिस्कवर साठतात आणि पुढच्या वेळी लाइनवरून मागवावे लागत नाहीत. सायबर कॅफे किंवा दुसऱ्याचा कॉम्प्युटर असेल तर मात्र बंद करा. पडद्याचे तुकडे त्या डिस्कवर मागे राहतात.

रीकनेक्ट इफ द कनेक्शन इज ड्रॉप्ड: चालू. वेगाशी संबंध नाही, पण लाइन क्षणभर गेली तरी काम तिथेच सापडतं.

पायरी ३. लोकल रिसोर्सेस टॅब. हा डिस्प्लेचा भाग नाही, पण यातल्या गोष्टी त्याच लाइनवरून जातात. रिमोट ऑडिओच्या सेटिंग्जमध्ये डू नॉट प्ले निवडा. प्रिंटर्सची खूण काढा, छापायचं असेल तेव्हाच लावा. मोअर या बटणात ड्राइव्ह्ज असतात, तिथल्या सगळ्या खुणा काढा. पलीकडची फाइलची खिडकी उघडायला वेळ घेते तेव्हा पुष्कळदा ती तुमच्या घरच्या ड्राइव्हची चौकशी करत बसलेली असते. क्लिपबोर्ड ठेवा, फक्त मोठ्या फाइली कॉपी-पेस्टने ओढू नका.

पायरी ४. जनरल टॅबमध्ये सेव्ह ॲज. दोन वेगळ्या फाइली करून ठेवा, एक ‘घरून’ आणि एक ‘मोबाइल हॉटस्पॉट’. दुसऱ्या फाइलीत पडदा १२८० × ७२० आणि सगळे देखावे बंद. यापुढे त्या फाइलीवरच डबल क्लिक करायचं. हे केलं नाही तर दर वेळी नव्याने खुणा काढत बसाल.

पायरी ५. जोडा आणि पूर्ण पडद्यावर वरच्या निळ्या पट्टीतल्या सिग्नलच्या दांड्यांवर क्लिक करा. जोडणीचा दर्जा आणि यूडीपी (टीसीपीसारखीच डेटा पाठवण्याची एक पद्धत) चालू आहे की नाही ते तिथे कळतं. विंडोज ८ पासून हा रिमोट डेस्कटॉप टीसीपीबरोबर यूडीपीही वापरतो, पोर्ट दोन्हींचा ३३८९. अधूनमधून पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, हरवणाऱ्या लाइनवर फरक चांगलाच जाणवतो. टीसीपी हरवलेलं पाकीट परत येईपर्यंत मागचं सगळं रोखून धरतं, यूडीपीवर पुढचं चित्र येत राहतं. यूडीपी बंद दिसलं तर नेटवर्क सांभाळणाऱ्याला व्हीपीएन आणि फायरवॉलमधून यूडीपी ३३८९ सोडायला सांगा. इंटरनेटवर उघडं नव्हे, व्हीपीएनच्या आतच. ३३८९ जगासाठी उघडा ठेवला की पासवर्ड आजमावणाऱ्यांची रांग लागते.

आणि आता रंग. डिस्प्ले टॅबच्या तळाशी १५, १६, २४ आणि ३२ बिट असे चार पर्याय दिसतात. १६ बिटात ६५,५३६ रंग, २४ मध्ये १,६७,७७,२१६. कागदावर १६ बिट म्हणजे निम्मा डेटा. पण रिमोट डेस्कटॉपच्या आकुंचनाच्या नव्या पद्धती ३२ बिट धरून बनल्या आहेत आणि रंग खाली आणले की जुन्या पद्धतीवर काम चालतं. त्यामुळे दोन्ही बाजूंना विंडोज १० किंवा ११ असेल तर ३२ वरच राहा. २४ तर कुठल्याच बाजूने फायद्याचं नाही. १६ बिट तेव्हाच वापरून बघा, जेव्हा पलीकडे जुनं विंडोज किंवा लिनक्स आहे. तेव्हाही टास्क मॅनेजरचा आलेख शेजारी ठेवून, तीच फाइल, तेवढंच स्क्रोल, आधी ३२ आणि मग १६. नजरेच्या भरवशावर ठरवू नका.

मॅकवरून जोडत असाल तर मायक्रोसॉफ्टच्या ॲपचं नाव २०२४ पासून विंडोज ॲप झालं आहे. त्यात कॉम्प्युटरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रेटिनासाठीची खूण असते, ती काढा. रेटिनात दोन्ही दिशांना दुप्पट ठिपके असतात, म्हणजे ओझं चौपट.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर आणि बाकीचे

इथे एक मूलभूत फरक आहे आणि तो माहीत नसला की चुकीच्या ठिकाणी खटपट होते. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप तुमच्या मापाचा नवा पडदा तयार करतो. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क ही पलीकडच्या खऱ्या मॉनिटरचं चित्र उचलतात. तिकडे फोर-के मॉनिटर असेल तर फोर-केचंच ओझं, तुमच्याकडे लहान लॅपटॉप असला तरी. म्हणून रिझोल्यूशन पलीकडे कमी करायचं: तिकडच्या डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, रिझोल्यूशन १३६६ × ७६८ किंवा १२८० × ७२०. काम संपल्यावर परत वाढवायला विसरू नका, सकाळी त्या खुर्चीत बसणारा वैतागेल.

त्यानंतर एनीडेस्कच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये बेस्ट रिॲक्शन टाइम निवडा. दाखवण्याची पद्धत मूळ आकाराची ठेवली तर अक्षरं जास्त स्पष्ट दिसतात. टीमव्ह्यूअरमध्ये व्ह्यू मेनूत क्वालिटी, तिथे ऑप्टिमाइझ स्पीड, आणि पार्श्वचित्र काढण्याची खूण लावा. रस्टडेस्कमध्ये प्रतिसादाला प्राधान्य देणारा पर्याय आहे, शिवाय कोडेक, म्हणजे चित्र दाबण्याची पद्धतही निवडता येते. पलीकडचं मशीन जुनं असेल तर एव्ही१ हा कोडेक टाळा. डेटा वाचतो, पण दाबण्याचं काम सीपीयूवर पडून सगळंच मंदावतं.

व्हीएनसी आणि लिनक्स

व्हीएनसी ही पडदा दूरवर दाखवण्याची आणखी एक पद्धत. तिच्यातल्या टायगरव्हीएनसी या सॉफ्टवेअरच्या पाहणाऱ्या बाजूला ऑप्शन्समध्ये कॉम्प्रेशन टॅब आहे. आधी ऑटो सिलेक्टची खूण काढा, नाहीतर खालचं हातात येत नाही. एन्कोडिंग टाइट ठेवा. आकुंचनाची पातळी ० ते ९ असते आणि मूळची २ आहे. ९ वर नेण्याचा मोह टाळा, डेटातली बचत थोडी आणि सीपीयूचा खर्च मोठा. खरा फरक जेपेगच्या प्रतीने पडतो. ती मूळची ८ असते, ५ वर आणा. त्याखाली अक्षरांभोवती डाग पडू लागतात, आणि देवनागरीत ते नेमके मात्रा-वेलांट्यांजवळ जमतात. रंगांच्या पातळ्यांत मीडियम म्हणजे २५६ रंग, लो म्हणजे ६४, व्हेरी लो म्हणजे ८. आठ रंगांत टर्मिनल चालतं, बाकी काही वाचता येत नाही.

लिनक्सवर एक्सआरडीपी (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने लिनक्सला जोडू देणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर सेटिंगपेक्षा डेस्कटॉप बदलण्याने जास्त मिळतं. ग्नोम या डेस्कटॉपच्या सावल्या आणि ॲनिमेशनपेक्षा एक्सएफसीई हा डेस्कटॉप हलका. त्यातही सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्स, मग कॉम्पोझिटर टॅब, आणि डिस्प्ले कॉम्पोझिटिंगची खूण काढा.

पलीकडे जाऊन करायची कामं

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स: पारदर्शकता आणि ॲनिमेशन दोन्ही बंद. ब्राउझरमध्ये स्मूद स्क्रोलिंग बंद करा. माउसच्या चाकाऐवजी पेज डाउन दाबा, एका उडीला एक चित्र लागतं, चाकाने सरकवलं तर वीस. व्हिडिओ बघायचा असेल तर दुवा कॉपी करून स्वतःच्या कॉम्प्युटरवर बघा. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप मुळात सेकंदाला ३० चित्रांवर थांबतो, तिथे व्हिडिओ कितीही खटपट केली तरी मलईसारखा दिसणार नाही.

पलीकडच्या मशीनवर ॲडमिनचे हक्क असतील तर ग्रुप पॉलिसीत दोन जागा बघण्यासारख्या आहेत. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनन्ट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट असं आत जा. रिमोटएफएक्स डेटाच्या आकुंचनात कमी बँडविड्थचा पर्याय निवडला की मेमरी जास्त लागते आणि लाइन वाचते. दुसरी जागा एच.२६४ एव्हीसी ४४४ या चित्र दाबण्याच्या पद्धतीची. रंगीत अक्षरं, म्हणजे निळ्यावर लाल वगैरे, कडेला फुटलेली दिसत असतील तर ती चालू केल्याने सुधारतात. पण तो वेग वाढवायचा उपाय नाही, बारीक लाइनवर नको.

तरीही बिघडलं तर

खुणा बदलल्या आणि काहीच फरक नाही: जोडणी तोडून पुन्हा जोडा. चालू जोडणीत रंग आणि देखावे बदलत नाहीत.

पडद्यावर जुन्या खिडक्यांचे तुकडे चिकटून राहतात: साठवलेलं बिटमॅप खराब झालं आहे. रिमोटची खिडकी बंद करा, स्वतःच्या कॉम्प्युटरवर युजरच्या फोल्डरात ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, टर्मिनल सर्व्हर क्लायंट, कॅश असं जा आणि आतल्या फाइली काढून टाका. त्या पुन्हा तयार होतात. ॲपडेटा दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेली फोल्डर दाखवण्याची खूण लावा.

३२ बिट निवडूनही रंग पट्ट्यापट्ट्यांचे दिसतात: पलीकडच्या ॲडमिनने पॉलिसीत रंगांची कमाल मर्यादा घातली असणार. तुमच्या बाजूने ती उठत नाही.

सकाळी ठीक आणि अकरानंतर मंद: ऑफिसचा अपलोड भरतोय. कुणाचं क्लाउड बॅकअप त्या वेळी चालू होतं का ते विचारा आणि ते रात्रीवर टाकायला सांगा.